मोंतोने येथें एक दिवस

परदेशची वारी करून आलेल्या माणसानें घरीं पाऊल टाकतांच एक प्रवासवर्णन लिहावें, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. त्या लेखांत प्रवासाची दगदग, थंडीचे हाल, शाकाहारी माणसाची उपासमार आणि शेवटीं 'आपला देश तो आपलाच' हा निष्कर्ष, इतक्या गोष्टी हटकून असावयाच्या. मी इटलीहून परत आलें तेव्हां घरच्या मंडळींनीं माझ्याकडून असेंच कांहीं अपेक्षिलें होतें. पण रोम आणि फ्लॉरेन्स यांविषयीं मीं नवें काय लिहावें? तेथील प्रत्येक दगडावर लिहिणारे होऊन गेले आहेत. मला सांगावयाचें आहे तें एका लहानशा डोंगरी गांवांत घालविलेल्या एका दिवसाविषयीं. आणि खरें बोलावयाचें तर त्या गांवाइतकेंच आमच्या घराच्या पडवीविषयीं.

२०२४ सालच्या मे महिन्यांत मी माझ्या भाचीकडे पेरुजा येथें पंधरा दिवस राहिलें होतें. पेरुजा हें उंब्रिया प्रांताचें मुख्य शहर. परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन भाषा शिकविणारें एक नांवाजलेलें विद्यापीठ तेथें आहे, आणि भाची तेथेंच शिकत होती. एके रात्रीं जेवतां जेवतां ती मला म्हणाली, "आत्या, उद्यां तुला एका गांवीं नेतें. तेथें आपल्या माणगांवचा एक माणूस आहे."

आमचें माहेर कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांतलें. परमुलुखांत तालुक्याचें नांव कानीं पडलें कीं माणूस हातांतला घांस थांबवतो. मीं आपल्या पद्धतीप्रमाणें लगेच विचारलें, "कोणाचा कोण? नोकरीला आहे का तेथें?"

"घाडग्यांचा," ती म्हणाली. "नोकरीलाच आला होता म्हणेनास. उद्यां पाहाशीलच."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघी मोटारीनें निघालों. पेरुजाहून उत्तरेकडे टायबर नदीच्या खोऱ्यानें सुमारें ४० किलोमीटर गेलें कीं मोंतोने येतें. रोममध्यें मोठमोठ्या पुलांखालून गंभीरपणें वाहणारी टायबर मीं आदल्या आठवड्यांत पाहिली होती. येथें तीच नदी एखाद्या माहेरवाशिणीसारखी मोकळी, झाडीझुडपांतून वळणें घेत चाललेली दिसली. दोहों बाजूंना गव्हाचीं हिरवीं शेतें, त्यांत मधून मधून तांबडीं खसखशीचीं फुलें, कोठें द्राक्षाच्या वेली, कोठें ऑलिव्हच्या झाडांच्या करड्या रांगा; आणि डोंगरांच्या माथ्यांवर एकेक गांव.

आपल्याकडे डोंगरावर किल्ला असतो आणि गांव त्याच्या पायथ्याशीं वसतें. इकडे गांव हाच किल्ला. सपाटीवर शेती करावी, पण रात्रीं निजावयास डोंगरावर, तटाच्या आंत जावें, अशी मध्ययुगांतली येथली रीत. खालीं दलदल, हिंवताप आणि येणाऱ्याजाणाऱ्या सैन्यांची लूट. वर वारा, तटबंदी आणि दूरवर नजर. शेंकडों वर्षें लोक रोज सकाळीं खालीं उतरले आणि संध्याकाळीं वर चढले. त्यांच्या पोटऱ्या कशा असतील याची कल्पना मला त्या दिवशीं पुरेपूर आली.

वाटेंत उंबेर्तीदे नांवाचें एक बऱ्यापैकीं गांव लागलें. १९४४ सालच्या २५ एप्रिल रोजीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं तेथील नदीवरचा पूल उडविण्यासाठीं बाँब टाकले. ते वस्तीवर पडले आणि गांवचीं निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. भाचीनें हें गाडी चालवितां चालवितां सांगितलें. त्या वेळीं मीं नुसतें 'अरेरे' म्हटलें. पुढें दिवसभरांत मला ही गोष्ट पुन्हां पुन्हां आठवली. कारण त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनीं ज्या सैन्यानें या खोऱ्यांतून जर्मनांना मागें रेटलें, तें त्याच दोस्तांच्या बाजूचें होतें.

मोंतोनेच्या तटाखालीं मोटार उभी करून आम्ही पायीं वर गेलों. अवघी दीड-पावणेदोन हजारांची वस्ती, तीहि सगळी तटाच्या आंत नव्हे. दगडी वेशींतून आंत शिरलें कीं चढणीचे अरुंद बोळ, दगडी पायऱ्या, घरांच्या उंबऱ्यांशीं फुलझाडांच्या कुंड्या. दोन घरांमधली जागा इतकी लहान कीं समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन जावांनीं भाजी निवडीत बोलत बसावें. रस्त्यांत वाहनांचा आवाज नाहीं. एक म्हातारा खुर्ची टाकून दारांत बसला होता. त्यानें आम्हांला 'बोंजोर्नो' म्हटलें, आणि माझ्या लुगड्याकडे अगदीं निःसंकोचपणें, लहान मुलाप्रमाणें पाहून घेतलें.

गांवच्या माथ्यावर संत फ्रान्सिसचें जुनें देऊळ आहे. आतां तें संग्रहालयाचा भाग झालें आहे. तेथें ख्रिस्ताला क्रुसावरून खालीं उतरविण्याच्या प्रसंगाच्या तेराव्या शतकांतल्या लांकडी मूर्ति आहेत; आणि बार्तोलोमेओ कापोराली या चित्रकारानें १४८२ सालीं काढलेला मेरी मातेचा एक पट आहे. असले पट संकटाच्या वेळीं गांवांतून मिरवीत नेण्याची त्या काळीं चाल होती. मरीआईच्या पालखीची आठवण व्हावी असाच तो प्रकार. या गांवचें मुख्य भूषण म्हणजे ख्रिस्ताच्या कांटेरी मुकुटांतला म्हणून मानलेला एक कांटा. तो कार्लो फोर्तेब्राच्यो या सरदारानें पंधराव्या शतकांत गांवाला दिला. त्याचा उत्सव ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं होतो आणि ऑगस्टांतहि मोठ्या थाटानें साजरा होतो.

या कार्लोचा बाप ब्राच्यो फोर्तेब्राच्यो, ज्याला इतिहासांत 'ब्राच्यो दा मोंतोने' म्हणतात, तो या गांवचा थोर पुरुष. त्याचा जन्म १३६८ चा आणि मृत्यु १४२४ चा. हा कोणी राजा नव्हे कीं संत नव्हे. त्या काळीं इटलींत पैसे घेऊन लढणाऱ्या सेनानायकांचा एक वर्गच होता; आज या नगरासाठीं तर उद्यां त्याच्या शत्रूसाठीं ते लढत. ब्राच्यो हा त्यांतला पहिल्या प्रतीचा. तलवारीच्या जोरावर तो १४१६ सालीं खुद्द पेरुजाचा धनी झाला. भाडोत्री म्हणावयाचें तर याच्याहून मोठा भाडोत्री कोण? पण मोंतोनेच्या लोकांना त्याचा अभिमान आहे. पगार कोणाचा घेतला हा हिशोब सहाशें वर्षांत विरून गेला आणि पराक्रम तेवढा उरला.

'भाडोत्री' हा शब्द माझ्या मनांत उगाच आला नव्हता. तो आमच्या घरांतला शब्द होता. पण तें पुढें सांगतें.

बारा वाजून गेले तेव्हां आम्ही एका लहानशा खाणावळींत बसलों. शाकाहारी माणसाची उपासमार लिहिण्याचा माझा बेत येथेंच फसला. कारण समोर आली ती चक्क भाकरी! उंब्रियांत तिला 'तोर्ता अल तेस्तो' म्हणतात. 'तेस्तो' म्हणजे जाड गोल तवा. मैद्याचा जाडसर रोट त्या तव्यावर भाजावयाचा, मग तो फोडून आंत परतलेली पालेभाजी किंवा चीज घालावयाचें. आम्हीं भाजीचा घेतला. लसणाची फोडणी, वर ऑलिव्हचें तेल. मीं दोन चतकोर खाल्ले, आणि भाचीनें आणखी मागविल्यावर नको नको म्हणत तिसराहि खाल्ला.

खाणावळीची मालकीण साठी उलटलेली, म्हणजे माझ्याच वयाची. ती आमच्यापाशीं येऊन भाचीशीं बोलूं लागली. कोठल्या, काय, हे प्रश्न तेथेंहि असतातच. भाचीनें सांगितलें, "ही माझी आत्या. यशवंत घाडगे ज्या तालुक्यांतला, त्याच तालुक्यांतली."

त्या बाईनें हातांतलें फडकें टेबलावर ठेवलें, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि बराच वेळ सोडले नाहींत. मग ती जें बोलली तें भाचीनें मला मराठींत सांगितलें. युद्धाच्या वेळीं या बाईची आई आठ-नऊ वर्षांची होती. घरचीं सगळीं माणसें तोफांच्या भयानें तळघरांत होतीं. एके सकाळीं आवाज थांबला, आणि दार उघडलें तों अंगणांत सांवळ्या रंगाचे, अनोळखी भाषा बोलणारे सैनिक. मुलें भ्यालीं. पण त्या सैनिकांनीं अंगणांत चूल मांडली, पिठाचा गोळा हातावर थापला आणि तव्यावर भाकरी भाजावयास घेतली. तेव्हां घरांतली आजी म्हणाली, "हे आपल्यासारखेच दिसतात, तोर्ता करताहेत." आई ही गोष्ट जन्मभर सांगे, असें ती म्हणाली. जेवणाचे पैसे तिनें घेतले, पण कॉफीचे कांहीं केल्या घेतले नाहींत.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें सांगतें.

यशवंत घाडगे हा माणगांव तालुक्यांतल्या पळसगांव-आंबेगांव येथला मुलगा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. तो पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होता. ही पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४४ च्या उन्हाळ्यांत टायबरच्या या वरच्या खोऱ्यांत लढत होती. १० जुलै १९४४ रोजीं त्याच्या हाताखालच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज तुकडींतला प्रत्येक माणूस ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. मागें फिरतां आलें असतें. पण हा एकटाच त्या मशीनगनवर धावून गेला. पहिल्यानें हातबाँब टाकून त्यानें ती तोफ आणि ती चालविणारा, दोन्ही बंद पाडलीं. मग आपल्या बंदुकीनें आणखी एकाला मारिलें. गोळ्या संपल्या, नव्या भरावयास वेळ नव्हता. तेव्हां बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानें त्यानें उरलेल्या दोघांना ठार केलें. इतक्यांत दुसऱ्या बाजूनें शत्रूच्या नेमबाजांनीं त्याच्या छातींत आणि पाठींत गोळ्या घातल्या. जें ठाणें त्यानें घेतलें होतें, त्यांतच तो मेला. वय बावीस. मरणोत्तर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची ज्ञात अशी समाधि कोठेंहि नाहीं. दूर दक्षिणेकडे कासिनो येथें, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा सैनिकांच्या स्मारकावर इतर हजारों नांवांबरोबर त्याचें नांव कोरलेलें आहे.

इटलीच्या त्या मोहिमेंत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकीं सहा हिंदी सैनिकांना. तेथें कामास आलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ५,७८२. या आंकड्यांतला एकहि आंकडा मला त्या दिवसापूर्वीं ठाऊक नव्हता.

मोंतोनेच्या लोकांनीं २०२३ सालच्या जुलै महिन्यांत यशवंत घाडगे याचें स्मारक उभारलें. आम्ही तेथें गेलों तेव्हां ऊन लख्ख होतें. मला वाटलें होतें, हातांत बंदूक घेतलेला पुतळा असेल. पण तें एक सूर्यघड्याळ आहे. कांटा स्थिर; सूर्य चालतो तशी त्याची सावली सरकते आणि वेळ दाखविते. त्या स्मारकाचें ब्रीद लॅटिन भाषेंत आहे. त्याचा अर्थ असा कीं, आपण सर्व माणसें एकाच सूर्याखालीं राहतों. जवळच आपल्या भारतीय सैन्यानें दिलेली पाटी आहे.

भाची छायाचित्रें घेत होती. मी सावलीकडे पाहत उभी राहिलें, आणि मला आमची पडवी दिसूं लागली.

आमचे आजोबा माणगांवास वकिली करीत. घर काँग्रेसच्या वळणाचें. अंगावर खादी, बेचाळीस सालीं थोरले काका तुरुंगांत गेलेले. आजोबांना जगाच्या घडामोडींचा मोठा नाद. ओटीवरच्या भिंतीला युरोपचा नकाशा लावलेला असे. युद्ध जसें सरके तशा त्या नकाशावर टांचण्या सरकत. ४ जून १९४४ रोजीं दोस्तांचें सैन्य रोममध्यें शिरलें, तेव्हां रोमवर टांचणी लावण्याचा मान माझ्या वडिलांना, म्हणजे त्या वेळच्या बारा वर्षांच्या मुलाला, मिळाला होता. वडील तें अखेरपर्यंत सांगत.

तालुक्यांतल्या पुष्कळ घरांतले तरुण त्या वेळीं पलटणींत होते. कोंकणची जमीन तुटपुंजी, भाताचें एकच पीक. मुंबईची गिरणी किंवा सैन्य, हे दोनच रस्ते. कोणावर सक्तीची भरती नव्हती हें खरें. सुमारें २५ लाखांचें तें हिंदी सैन्य सगळें आपखुषीनें भरती झालेलें. पण घरांत खाणारीं तोंडें दहा आणि भात सहा महिन्यांचें, अशा ठिकाणीं आपखुषी कशाला म्हणावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावें. सैनिकांचीं पत्रें आलीं कीं त्यांच्या आया-बायका तीं वाचून घेण्यासाठीं आजोबांकडे येत. त्या पडवींत बसत. आजोबा ओटीच्या कांठाशीं बसून पत्र वाचीत आणि त्याच बैठकींत उत्तर लिहून देत. आजी आंतून ताक पाठवी. याबद्दल आजोबांनीं कोणाकडून कधीं पैसा घेतला नाहीं. मात्र त्या बायका ओटीवर कधीं आल्या नाहींत, आणि आजोबा पडवींत कधीं उतरले नाहींत.

हें सगळें मीं आजीच्या तोंडून ऐकलें आहे. मी पुष्कळ नंतर जन्मलें. तिनें सांगितलेल्या हकीकतींपैकीं एक मात्र मी विसरूं शकत नाहीं. त्याच उन्हाळ्याच्या सुमारास शेजारच्या एका वाडींतली बाई तार घेऊन आली. तार इंग्रजी. आजोबांनीं ती मनांत वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हां घातला, आणि मग सांगितलें कीं तिचा मुलगा इटलींत पडला. बाई रडली नाहीं. थोड्या वेळानें तिनें विचारलें, "तात्या, ही इटाली कंच्या अंगाला आली?" आजोबांनीं भिंतीवरचा नकाशा खालीं काढला आणि ओटीच्या कांठावर धरून बोट ठेवून दाखविलें. तिनें त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलें. नंतर म्हणाली, "तिथं त्याच्यापाशी आपलं कुनी हाय का?"

आजोबांपाशीं याचें उत्तर नव्हतें. त्या रात्रीं जेवतांना ते आजीला म्हणाले, "वाईट झालें. पण शेवटीं इंग्रजांचे भाडोत्रीच ते. परक्याच्या पगारासाठीं मेला, त्याचा शोक देशानें काय म्हणून करावा?" आजीनें त्यांना उत्तर दिलें नाहीं. पुढच्या सगळ्या आयुष्यांतहि दिलें नाहीं. पण ही हकीकत सांगतांना ती नेमकी या वाक्यापाशीं थांबे, आणि मग उठून दिवा लावावयास जाई.

माझे आजोबा कठोर नव्हते. ज्याचा मुलगा इंग्रजांच्या तुरुंगांत आहे, त्यानें इंग्रजांच्या सैन्याकडे दुसऱ्या कोणत्या नजरेनें पाहावें? त्यांचा तो विचार त्या काळच्या कित्येक सुशिक्षित घरांचा विचार होता, आणि त्यांत सत्याचा अंशहि होता. पण त्या विचारामुळें एक गोष्ट घडली. आमच्या घरांत काकांच्या तुरुंगवासाचा दिवस दरवर्षीं आठवला जाई; त्या बाईच्या मुलाचें नांव मात्र कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. आजीलाहि तें शेवटीं शेवटीं आठवत नसे. आणि ज्या यशवंत घाडग्याला साऱ्या जगानें वीर म्हटलें, त्याचेंहि नांव आमच्या घरीं मीं कधीं ऐकलें नाहीं. युरोपांतल्या एकेका नदीचें नांव ज्या ओटीवर पाठ होतें, तेथें ही गत!

मोंतोनेच्या लोकांना हा प्रश्न पडला असता तर त्यांच्यापुढें अडचणी थोड्या नव्हत्या. १९४३ च्या सप्टेंबरपर्यंत त्यांचा देश जर्मनीच्या बाजूनें लढत होता. आफ्रिकेंत याच हिंदी सैन्यानें त्यांच्या मुलांना कैद केलें होतें, आणि त्यांतले हजारों आपल्या देशांतल्या छावण्यांतून दिवस काढीत होते. खालच्या उंबेर्तीदेवर बाँब पडले ते दोस्तांचे. हा मराठा मुलगा येथें आला तो इंग्रजांच्या हुकुमानें. मोंतोने हें नांव त्यानें जन्मांत ऐकलें नसेल. इतका सगळा गुंता असूनहि त्या लोकांनीं एवढेंच पाहिलें कीं, एक परका तरुण आपल्या डोंगराशीं येऊन मेला आणि त्याची आई फार दूर होती. त्याचा पगार कोणाचा, हें त्यांनीं विचारलें नाहीं. ज्यांच्या थोर पुरुषाचाच व्यवसाय पगार घेऊन लढण्याचा, त्यांना कदाचित् तें विचारण्याचें सुचलेंहि नसेल!

आणखी एक विचार तेथें उभें असतां मनांत आला, तो लिहावा कीं न लिहावा याचा मीं पुष्कळ विचार केला. त्या दिवशीं यशवंतानें मारलेले चौघे, तेहि कोणाचे तरी मुलगेच. कोठल्या तरी जर्मन गांवांत अशीच एक तार गेली असेल, आणि तेथल्या एखाद्या बाईनेंहि विचारलें असेल कीं, त्याच्याजवळ आपलें कोणी होतें का. पुतळा उभारला असता तर तो एकट्या यशवंताचा झाला असता. सूर्यघड्याळाची गोष्ट वेगळी. त्याच्यावर पडणारें ऊन चौघांनाहि ओळखतें. हें ज्याला सुचलें त्याचें मला कौतुक वाटलें.

उतरतांना खाणावळीची ती बाई दारांत उभी होती. तिनें हात हालविला. तिनें माझे हात धरले तेव्हां मला अवघडल्यासारखें कां झालें होतें, हें मला आतां कळलें. तो मान माझा नव्हता. तो पडवींत बसणाऱ्या बायकांचा होता. ओटीवरच्या घरांतली मी मात्र तो घेऊन आलें होतें. नुसता तालुका एक, एवढ्यावर!

परत आल्यावर पावसाळा सरतांच मी माणगांवास गेलें. तेथें तहसील कचेरीशीं यशवंत घाडगे याचा पुतळा आहे. आतां एक कबुली द्यावयाची राहिली आहे. हा पुतळा मीं पूर्वीं पाहिला नव्हता असें नाहीं. वडिलांच्या मागें जमिनीच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांसाठीं मीं आणि दादानें त्या कचेरीला किती खेपा घातल्या! मी कागदांची पिशवी सांवरीत त्या पुतळ्याच्या सावलींत उभीहि राहिलें असेन. सगळें लक्ष आपल्या नंबराकडे आणि उताऱ्यावरच्या नांवांकडे. पुतळा कोणाचा, हें मान वर करून मीं एकदांहि वाचलें नाहीं. तें वाचावयाला मला मोंतोनेपर्यंत जावें लागलें.

या वेळीं मात्र कांहीं काम नव्हतें. मीं पुतळ्याला नमस्कार केला, पाटी वाचली आणि थोडा वेळ उभी राहिलें. एक शिपाई येऊन म्हणाला, "बाई, काम काय आहे तुमचें? आज साहेब नाहींत." मीं म्हटलें, "साहेबांकडे काम नाहीं. यांच्याकडेच आलें होतें." तो जरा चमकला, पण मग आंतून एक खुर्ची आणून देऊन गेला.

घरीं आल्यावर दादाला सगळी हकीकत सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. माळ्यावर चढून त्यानें आजोबांचा नकाशा काढला. घड्यांवर फाटलेला, टांचण्यांच्या भोकांनीं जागोजाग चाळण झालेला. आम्हीं तो पडवींत जमिनीवर पसरला आणि दोघें त्याच्याभोंवतीं बसलों. रोम सांपडलें, फ्लॉरेन्स सांपडलें, पेरुजाहि सांपडलें. मोंतोने एवढ्या लहान गांवाचें नांव त्यावर असणें शक्यच नव्हतें. मीं पेरुजाच्या वर, टायबरच्या रेघेच्या बाजूला बोट ठेवलें. दादानें तेथें पेन्सिलीनें एक ठिपका काढला आणि त्याच्यापुढें बारीक अक्षरांत नांव लिहिलें.

त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास आज तिच्या घरचें कोणी आमच्या दारीं येणार नाहीं. आलें तर तिला ओटीवर बसवीन, आणि सांगेन कीं, होय, आहेत. त्याच्या बाजूला आपलीं माणसें आहेत. तीं तव्यावर भाकरी भाजतात.